केळं, इंजेरा आणि मयताचा मांडव

रोब्लेच्या दारात मयताचा मांडव उभा राहिला त्या दिवशी घरात सगळे जिवंत होते. दोन कोंबडे धरून. कोंबड्यांची तब्येत तर आठवडाभरात चांगलीच सुधारली होती, कारण ते मरणार की नाही यावर गल्लीचं एकमत होईपर्यंत त्यांना दोन्ही घरांतून दाणे मिळत होते.

रोब्ले दिरे दावा शहरातल्या एका शाळेत भूगोल शिकवायचा. जगातले सगळे वारे त्याला पाठ होते. पण दिरे दावात दुपारी त्यांपैकी एकही वाहत नसे, आणि याबद्दल पोरं त्यालाच जबाबदार धरत. अशा माणसाला अब्रू पुरवून पुरवून वापरावी लागते. म्हणून त्या मंगळवारी भिंतीपलीकडून झेलेके जे बोलला ते त्याला इतकं लागलं.

झेलेके म्हणजे शेजारी. रेल्वेच्या कचेरीत कामाला. दोघांच्या अंगणांमध्ये छातीएवढी भिंत होती आणि अकरा वर्षं दोघं तिच्यावर कोपर टेकून बोलत आले होते. भिंतीला दोन्ही बाजूंनी खळगे पडले होते.

"बदली झाली," झेलेके म्हणाला. "राजधानीला, आदिसला. सोमवारी ट्रक येतोय."

अशा वेळी माणसानं काहीतरी जिव्हाळ्याचं बोलावं.

"तिकडं थंडी असते," रोब्ले म्हणाला.

"असते."

"स्वेटर आहे?"

"घेईन."

मग झेलेके म्हणाला, "आदिसला लोक विचारतील, अकरा वर्षं सोमाल्याच्या शेजारी राहिलास, त्यांचं जेवण कसं असतं? काय सांगू मी? चहा बरा असतो? केळी गोड असतात?"

"का? मसुराचे समोसे नाही खाल्लेस?"

"समोसा म्हणजे जेवण?"

आता यात खोटं काहीच नव्हतं. भिंतीवरून कॉफी यायची, चहा जायचा. तिकडून शिरो यायचा, म्हणजे डाळीच्या पिठाचं तिखटजाळ पिठलं. इकडून समोसे जायचे. पण मांसाचं भांडं भिंत ओलांडत नसे. मुसलमान सोमाल्याच्या सुरीचं ख्रिस्ती हबेशाला, म्हणजे झेलेकेच्या लोकांना, चालत नाही आणि हबेशाच्या सुरीचं सोमाल्याला चालत नाही. यावर कधी भांडण झालं नव्हतं. भिंत जशी होती तसंच हेही होतं. शिरो आला की झेलेके इंजेऱ्याचा, म्हणजे त्यांच्या आंबट धिरड्याचा, तुकडा तोडून, त्यात शिरो गुंडाळून, पेरूएवढा घास थेट रोब्लेच्या तोंडाशी आणायचा. हबेशांत हे प्रेम. गुरशा म्हणतात त्याला. घास जेवढा मोठा तेवढी माया जास्त. आणि दर वेळी रोब्ले मान मागं घेऊन म्हणायचा, "मला हात आहेत." बायको-पोरं असलेल्या मिशीवाल्या माणसाला दुसऱ्या मिशीवाल्यानं भरवायचं, हे त्याच्या भूगोलात कुठंच बसत नव्हतं.

"रविवारी दुपारी," रोब्ले म्हणाला, "माझ्याकडं. माझ्या घरचं जेवण, तुझ्या घरचं जेवण, शेजारी शेजारी. पोटभर खा, आणि मग आदिसला जाऊन सांग."

इतकं बोलून तो ऐटीत घरात गेला, आणि त्याच्या लक्षात आलं की बायकोला, इदिलला, विचारायचं राहिलं.

"विचारतोयस की सांगतोयस?" इदिलनं चुलीपासून मान न वळवता विचारलं.

"विचारतोय."

"मग 'रविवारी आहे' असं कोण म्हणालं आत्ता?"

यापुढं मसलतीसाठी रोब्लेनं घराबाहेरची माणसं निवडली, ही त्याची पहिली चूक. त्याचे चुलते, अदेर वाबेरी, सकाळ-संध्याकाळ चहाच्या दुकानात एकाच खुर्चीवर असत. जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्यांच्याकडं एकच उत्तर होतं.

"उंट," अदेर वाबेरी म्हणाले.

"हबेशा उंट खात नाहीत, अदेर. त्यांच्या धर्मात बसत नाही."

"म्हणून तर बदल्या होतात त्यांच्या."

उंट बाद झाला. मग बोकड आला, म्हणजे चर्चेत आला. सुरी कुणाची? दुकानातल्या एकानं सुचवलं, दोघांनी मिळून सुरी धरा. दुसरा म्हणाला, अर्धा बोकड यानं कापावा, अर्धा त्यानं. बोकडाला मान एकच असते ही या योजनेतली मुख्य अडचण होती, आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही. अखेर असं ठरलं की कोंबडे दोन आणावेत. पांढरा रोब्लेचा, तांबडा झेलेकेचा. सुऱ्या दोन, पातेली दोन, डाव दोन. पांढऱ्या कोंबड्याचं सोमाली कालवण, तांबड्याचं दोरो वत, ज्यात कोंबडीबरोबर उकडलेली अंडी पोहतात आणि रस्सा संध्याकाळच्या ढगासारखा लाल असतो. रोब्लेनं दोन्ही कोंबडे भिंतीवर धरून झेलेकेला दाखवले. झेलेकेनं तांबड्याच्या पाठीवरून हात फिरवला, मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "सुरेख आहे रे."

गुरुवारी इदिलनं विचारलं, "हे कोंबडे कशाला?"

"रविवारच्या जेवणाला."

"झेलेके कोण?"

"कोण म्हणजे? शेजारी."

"धर्मानं?"

"ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती."

"आणि सध्या त्यांचं काय चालू आहे?"

रोब्लेनं विचार केला. "बदली."

"मोठा उपास, मास्तर!" इदिल म्हणाली. "मांस नाही, दूध नाही, तूप नाही, अंडं नाही. ईस्टरपर्यंत. किती आठवडे झाले, त्याची बायको खाटकाकडं फिरकली नाही. पलीकडून रोज नुसत्या डाळीचा वास येतोय. तुझं नाक नकाशात असतं का रे सारखं?"

रोब्ले तडक भिंतीकडं गेला.

"तू बोलला का नाहीस?"

झेलेकेनं नजर कोंबड्याकडं वळवली. "आधी वाटलं तुला माहीत असेल. मग तू इतक्या प्रेमानं कोंबडा दाखवलास की उपासाचं नाव काढणं बरं दिसेना. म्हटलं रविवारपर्यंत काहीतरी होईल."

"काय होणार होतं?"

"कोंबडा पळून जाईल."

रोब्ले घरात येऊन चटईवर आडवा झाला. सोमाल्यानं पाहुण्याला बोलवायचं आणि मांस वाढायचं नाही, यापेक्षा पाहुण्याला दारातूनच परत पाठवलेलं बरं. निदान तो म्हणेल घरात आजारपण असेल. अकरा वर्षांनी एकदा संधी आली होती, आणि आता हा माणूस आदिसला जाऊन सांगणार, सोमाल्याचं जेवण म्हणजे केळं.

"उठ," इदिल म्हणाली. "मांस नाही म्हटल्यावर सुरीचा प्रश्नच उरला नाही. अकरा वर्षं तुम्हा दोघांना जे जमलं नाही ते उपासानं परस्पर केलं, आणि तू सुतक पाळतोयस. मी आपला जिरं-धण्यांचा हवाश मसाला घालून तेलातला भात करते. आणि अंबुलो करते."

रोब्ले ताडकन उठून बसला. अंबुलो म्हणजे लाल चवळी, तासन्‌तास मऊ शिजवलेली, वर तिळाचं तेल आणि साखर. "अंबुलो? पाहुण्याला? ते संध्याकाळी दार लावून घरात खायचं असतं!"

"कुणी बघत नसताना खातो तेच खरं जेवण असतं, मास्तर. बाकी सगळं लग्नातलं."

रोब्लेनं उठून चवळीचा डबा काढून दिला.

शनिवारी सकाळी अस्नाकेच, म्हणजे झेलेकेची बायको, पिठाचं पातेलं घेऊन आली आणि दोन्ही बायकांनी चुली शेजारी शेजारी पेटवल्या. रोब्लेला काम नव्हतं, म्हणून तो देखरेख करत होता. आणि तिथं त्यानं अशी गोष्ट पाहिली जी अकरा वर्षं भिंतीपलीकडं रोज घडत असून त्याला ठाऊक नव्हती. इदिलनं पळीनं पीठ तव्याच्या मधोमध ओतलं आणि पळीच्या बुडानं ते गोल गोल बाहेर नेलं. झाला अंजेरो, ताटलीएवढा, मऊ, सकाळी चहात बुडवायला. अस्नाकेचनं भल्यामोठ्या मातीच्या तव्यावर पीठ कडेनं सोडलं आणि वळसे घेत घेत मध्यावर आणलं. झाला इंजेरा, पोराला पांघरता येईल एवढा, आंबट, जाळीदार.

"तू बाहेरून आत येतेस," इदिल थक्क होऊन म्हणाली.

"आणि तू आतून बाहेर जातेस," अस्नाकेच म्हणाली. "मग तवा गार नाही पडत मध्ये?"

"तुझी कड नाही करपत?"

दोघींनी एकमेकींच्या तव्यावर हात चालवून पाहिला. इदिलचा इंजेरा आफ्रिकेच्या नकाशासारखा झाला. रोब्लेनं मादागास्करसुद्धा दाखवून दिलं आणि त्याला स्वयंपाकघरातून बाहेर काढण्यात आलं. पण बाहेर पायरीवर बसून तो बराच वेळ त्या पिठाचाच विचार करत होता. एवढंसं पीठ आणि पाणी. एक कडेनं मध्यावर येतं, दुसरं मधून कडेला जातं, आणि दोन्हीकडं शेवटी तव्यावर फुटणारे हजार डोळे सारखेच. हे आपण शिकवतो त्या भूगोलापेक्षा बरंच मोठं आहे, असं त्याला वाटलं. अर्थात हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. पगार भूगोलाचा होता.

एव्हाना जेवणाची बातमी गल्लीभर झाली होती आणि ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला होता त्यांना सगळ्यांना येणं भाग होतं. एवढी पातेली घरात नव्हती. अंगणात एवढी माणसं उन्हात भाजली असती. मोठी पातेली, ताटं, बाकं आणि मांडव फक्त इदिरकडं होता. इदिर म्हणजे गल्लीची मयत मंडळी. महिन्याला वर्गणी भरायची, कुणी गेलं की मांडवापासून खांदेकऱ्यांपर्यंत सगळं इदिर बघणार. अध्यक्ष गाशे शावेल. जुन्या रेल्वेतून निवृत्त, फ्रेंच साहेबांच्या हाताखाली घडलेले. घड्याळात बघितल्याशिवाय ते शिंकतसुद्धा नसत.

"मांडव पाहिजे होता, गाशे."

"कोण गेलं?"

"कुणी नाही. जेवण आहे."

"इदिरचं पातेलं मयताशिवाय हलत नाही. नियम आहे. कबेलेच्या ऑफिसातून शिक्का आण, मग बघू."

कबेलेच्या, म्हणजे वॉर्डाच्या, ऑफिसातल्या बाईंनी चष्म्यावरून रोब्लेकडं पाहिलं. रस्त्यावर मांडव घालायला दोनच कारणं होती: लग्न आणि मयत.

"माझं जेवण आहे, बाई."

"जेवण दोन्हींत असतं. लग्न लिहू?"

"लिहा."

"मोठ्या उपासात लग्न? लावणार कोण? मला मेमो मिळेल." आणि बाईंनी दुसऱ्या रकान्यावर शिक्का मारला. मागं रांग होती. रोब्लेनं मनात म्हटलं, कागदावर मेलं तर कुणी खरं मरत नाही.

कागद पाहताच गाशे शावेलनी टोपी काढून छातीशी धरली.

"गाशे, हे नुसतं मांडवापुरतं. खरं कुणी गेलेलं नाही."

"हो," गाशे शावेल हळूच म्हणाले आणि त्यांनी रोब्लेच्या खांद्यावर हात ठेवला. "पहिल्या दिवशी सगळे असंच म्हणतात."

"अहो, आम्ही फक्त जेवणार आहोत!"

"जेवलंच पाहिजे, बाळा. रोब्ले, धीर धर."

रविवारी पहाटे रोब्लेला जाग आली ती कर्ण्याच्या आवाजानं. इदिरचा दवंडीवाला गल्लीगल्लीतून ओरडत चालला होता, "ऐका हो ऐका! मास्तर रोब्लेच्या घरी दुःख झालंय! गैरहजर राहील त्याला दंड!" शेवटचं वाक्य तो दोनदा म्हणत होता.

आठ वाजेपर्यंत मांडव भरला. दंडाच्या भीतीनं सारी पेठ लोटली. सोमाली आले, हबेशा आले, बाजारातल्या ओरोमो भाजीवाल्या आल्या. बायकांनी पांढऱ्या शाली दुःखाच्या रीतीनं, किनार वर करून घेतल्या होत्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून प्रत्येकीनं घरून काहीतरी आणलं होतं: इंजेऱ्याच्या चळती, मसुराची वतं, कोबी-बटाटा, टोपल्याच्या टोपल्या केळी. लोक बाकांवर ओळीनं बसले आणि जमिनीकडं पाहू लागले. रोब्ले एकेकाकडं जाऊन सांगत होता की कुणीही गेलेलं नाही, आणि जो तो त्याचा हात दाबून म्हणत होता, "खरंय. ते आपल्यातच आहेत."

अदेर वाबेरी शेवटच्या बाकावरून मोठ्यानं म्हणाले, "उंट कापला असता तर आज ही वेळ आली नसती." शेजारच्यांनी माना डोलावल्या.

बायका इतक्या मनापासून रडत होत्या की इदिललाही रडू फुटलं. "तू कशाला रडतेस?" रोब्ले कुजबुजला. "काय माहीत," ती म्हणाली, "पण अस्नाकेच उद्या जाणार ना."

झेलेके आणि अस्नाकेच पहाटेपासून चर्चमध्ये होते. मांडवाची भानगड त्यांना ठाऊक नव्हती. कर्णा मात्र तिथवर पोचला होता. दुःख झालंय, मास्तर रोब्लेच्या घरी. झेलेके पांढऱ्या शालीत, अनवाणी, पायताणं हातात घेऊन गल्लीच्या टोकाहून धावत आला. मांडव पाहिला आणि त्यानं पायताणं फेकून दिली.

"रोब्ले!" त्यानं छाती पिटली. "अरे माझ्या भावा! माझा गुरशा एकदाही न खाता गेलास रे! तुझ्या हातचा घास माझ्या पोटात गेला नाही रे! आता भिंतीवर मी कुणाशी बोलू!"

"इथं आहे मी," रोब्ले म्हणाला.

झेलेकेनं त्याच्याकडं पाहिलं, पुन्हा मांडवाकडं पाहिलं, आणि रडणं तसंच चालू ठेवून त्याच्या गळ्यात पडला. सुरू केलेलं रडणं असं एकदम थांबवता येत नाही. त्यातलं अर्धं तर उद्यासाठी ठेवलेलं होतं. रोब्लेची मिशी ओली झाली. ती झेलेकेच्या डोळ्यांनी की स्वतःच्या, हे त्यानं तपासलं नाही.

गाशे शावेल घड्याळ बघत पुढं आले. सगळे उभे राहिले. "रीतीप्रमाणे मला मृताचं नाव जाहीर करायचं आहे," ते म्हणाले. "मास्तर, आता सांगावंच लागेल. कोण गेलं?"

अंगणातला तांबडा कोंबडा तेवढा ओरडला. रोब्लेनं समोरच्या ओळी पाहिल्या. इतक्या माणसांना दंडाच्या भीतीनं बोलावून जिवंत माणसांसाठी रडवलं, हे कळलं की उद्यापासून त्याला शाळेत तोंड दाखवायला जागा नव्हती. त्यानं झेलेकेकडं पाहिलं. आणि त्याच्या तोंडून जे खरं होतं तेच गेलं.

"आमचा शेजार गेला, गाशे."

"वय?"

"अकरा वर्षं."

गाशे शावेलनी डोळे मिटले. "कशानं?"

"बदलीनं. उद्या सकाळी."

कुणी हसलं नाही. गाशे शावेल बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. ते स्वतः बदलीनं दिरे दावात आलेले होते, पन्नास वर्षांपूर्वी, आणि त्यांच्या गावी कुणी मांडव घातला नव्हता. अखेर त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

"नियमात बसतं," ते म्हणाले. "वाढा."

मग जे झालं त्याला जेवण म्हणणं कमीपणाचं ठरेल. इदिरच्या थोरल्या पातेल्यातून हवाशच्या वासाचा पिवळा भात निघाला, बेदाण्यांनी चमकणारा, आणि प्रत्येक ताटात त्याच्या शेजारी एकेक केळं. हबेशा मंडळी त्या केळ्याकडं संशयानं पाहत होती. "हे नंतर खायचं ना?" एकानं विचारलं. "आत्ता," अदेर वाबेरी गरजले, "भाताबरोबर! नंतर काय, माकडं खातात!" त्या माणसानं भाताच्या घासात केळं कालवलं, तोंडात टाकलं, चावायचा थांबला, आणि मग बायकोला कोपरानं ढोसून म्हणाला, "अगं, तिखटाला हे खाली बसवतं." पलीकडं सोमाली मंडळी इंजेरा तोडत होती. आंबटपणानं पहिल्या घासाला डोळे मिटायचे आणि तिसऱ्याला हात थांबेना. एका आजीनं शिरोत केळं बुडवलं आणि कुणालाही बघू न देता पुन्हा बुडवलं.

मग इदिलनं अंबुलो आणला. रोब्लेनं मान खाली घातली. दार लावून खायची ती चवळी, सगळ्या दिरे दावासमोर. "डाळीत साखर?" अस्नाकेच म्हणाली. तिनं बोटभर चाखला. मग इंजेऱ्यावर घेतला. आंबट, गोड, तिळाचं तेल. तिनं उठून स्वतःच्या घरचं पातेलं रिकामं केलं आणि अंबुलोच्या पातेल्यापाशी आणून ठेवलं. "प्रवासात नेईन," ती म्हणाली. इदिलनं डाव हातात घेतला आणि काठोकाठ भरला.

झेलेकेनं तेवढ्यात आपला घास तयार केला होता. इंजेरा, शिरो, कोबी, सगळं कोंबून, पेरू सोडाच, पपनसाएवढा. तो रोब्लेच्या तोंडाशी आणून त्यानं धरला, आणि हात थांबवला. सवयच होती ती. आता मान मागं जाणार.

रोब्लेनं तोंड उघडलं.

घास आत गेला तेव्हा त्याचे डोळे बाहेर आले. मिशीला शिरो, हनुवटीला शिरो, कानाच्या पाळीलाही थोडा. तो बराच वेळ चावत होता. गिळून झाल्यावर त्याला एवढंच म्हणता आलं, "बाहेरून आत."

"काय?"

"काही नाही."

दुपारी तिसरी कॉफी झाली आणि इदिलचा चहाही झाला, तरी कुणी उठेना. झेलेके म्हणाला, "गाशे, मांडव काढायचा ना आता? मला सामान बांधायचंय."

"मयताचा मांडव तीन दिवस उतरत नाही," गाशे शावेल म्हणाले. "आणि घरचं माणूस तीन दिवस गाव सोडत नाही. सोडलं तर दंड."

"पण घरचं माणूस मी कुठं?"

"मृताचा तू अर्धा वाटेकरी आहेस. नियम आहे." हा नियम त्यांनी कधी केला हे कुणी विचारलं नाही. त्यांच्यापुढं अंबुलोची दुसरी ताटली होती.

झेलेकेनं ट्रकवाल्याला फोन लावला. "उद्या नको, बुधवारी संध्याकाळी ये. इथं मयत झालंय."

"अरे देवा," ट्रकवाला पलीकडून म्हणाला, इतक्या मोठ्यानं की बाकावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं. "कोण गेलं?"

झेलेकेला उत्तर देता आलं नाही. रोब्लेनं अख्खं केळं भातात कालवून, दोन्ही हातांनी दाबून, आयुष्यातला आपला पहिला गुरशा केला होता, आणि तो नेमका त्याच क्षणी झेलेकेच्या तोंडात पोचला होता.

"हॅलो?" ट्रकवाला म्हणत होता. "हॅलो? कोण गेलं हो?"